दाब कोठे गळतो? : जुन्या ट्रॅक्टर-एंजिनाची संपीडन-चाचणी

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हा प्रवरेच्या पाटपाण्यावर वाढलेला ऊसपट्टा होय. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि या भागाच्या बागायतीस स्थैर्य आले. उसाची वाहतूक ट्रॅक्टरवर अवलंबून असल्याने गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जुनी एंजिने ‘बांधून’ घेतली जातात. एंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून ते पुन्हा जुळविणे, हा या क्रियापदाचा गॅरेजमधील अर्थ. त्यातही दोन प्रकार आहेत. हेड, लायनर, पिस्टन व रिंगा यांपुरते काम ते ‘हाफ’. क्रँक व बेरिंगांपर्यंत गेले की ‘फुल’. या निवडीवर मालकाचा खर्च व हंगामातील दिवस अवलंबून असतात. म्हणूनच एंजिन खोलण्यापूर्वी दोषाचे स्थान ठरविणे अगत्याचे ठरते.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवा इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. संपीडन गुणोत्तर १७ धरल्यास, उष्णता व हवा बाहेर न जाता, दाब वातावरणाच्या ५० पटींहून अधिक आणि तापमान सुमारे ६५० अंश सेल्सिअस होईल, असे गणित सांगते. स्टार्टरने फिरविताना प्रत्यक्ष आकडे यापेक्षा बरेच कमी येतात. हवा गळू लागली की तापमान घटते, एंजिन सुरू होण्यास कुरकुर करते व धूर ओकते.

चाचणीसाठी एंजिन गरम करून बंद करतात, डिझेलचा पुरवठा तोडतात व सर्व इंजेक्टर काढतात. मग एकेका छिद्रात दाबमापक बसवून स्टार्टर फिरवितात. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील परस्पर फरकाला येथे अधिक महत्त्व आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी आढळल्यास त्यांच्यामधील गॅस्केटचा संशय येतो. एरवी सिलिंडरात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजणी करतात. दाब वाढला तर ऑइलाने रिंगांची फट बुजविली, म्हणजे दोष रिंग-लायनरचा. न वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केटचा.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही रीत परकी वाटू नये. ‘पाट’ व ‘पाठ’ या लघुतम युग्मात बाकी सारे समान ठेवून केवळ महाप्राणत्व बदलते. म्हणूनच अर्थभेदाचे श्रेय त्या एका घटकास देता येते. मात्र ऑइलाच्या चाचणीत एक गफलत संभवते. मॅसे फर्ग्युसन ३५ मधील पर्किन्स ३.१५२ या तीन सिलिंडरांच्या एंजिनात दट्ट्याचा व्यास ९१.४ मिलिमीटर व धाव १२७ मिलिमीटर आहे. अर्थात प्रत्येक सिलिंडरात तो सुमारे ८३४ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. गुणोत्तर १७ असेल, तर हवा दाबली गेल्यावर केवळ ५२ घन सेंटिमीटर जागा उरते. तीत चमचाभर, म्हणजे ५ घन सेंटिमीटर, ऑइल शिरले की गुणोत्तर साडेअठराच्या पुढे जाते आणि गळती तेवढीच राहूनही दाब सुमारे सातव्या हिश्श्याने वाढू शकतो. तात्पर्य, ऑइल एकाच वेळी दोन घटक बदलते. ते फार झाल्यास न दबणाऱ्या द्रवावर दट्ट्या आदळून जोडदांडा वाकण्याचेही भय असते. यास्तव सर्व सिलिंडरांत सारखेच व अत्यल्प ऑइल घालावे आणि वाढ एकमेकींशी ताडून पाहावी. चांगल्या सिलिंडरातील वाढ ही ऑइलाने व्यापलेल्या जागेची समजावी; तिच्याहून स्पष्टपणे अधिक झालेली वाढच रिंगांच्या झिजेचा पुरावा होय.

एंजिन बांधल्यानंतर नव्या रिंगा लायनरवर बसण्यास काही तास चालणे लागते. तोवर घेतलेला आकडा अंतिम मानू नये. खोलण्यापूर्वीचे, बांधल्यानंतरचे व रिंगा बसल्यानंतरचे असे तीन आकडे सिलिंडरनिहाय लिहून ठेवले, तर ‘हाफ’ काम पुरेसे होते की नाही याचा निर्णय तर्कावर न राहता नोंदीवर राहील.