गाडी आपली, पण नकाशा कोणाचा?



आमचे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले. त्यामुळे आजचा विषय वाचून कोणी हसले असेल तर ते साहजिक आहे. मोटारसायकलच्या इंजिनातला संगणक आणि म्हातारा मास्तर, यांचा संबंध काय? तो संबंध आमच्या शेजारच्या एका तरुणाने जोडून दिला. त्याने हप्त्यांवर नवी गाडी घेतली आणि सहा महिन्यांत ती 'रीमॅप' करून आणायची असे ठरवले. आम्ही विचारले, कशाला बाबा? तो म्हणाला, "कंपनीनं गाडी बांधून ठेवली हाये सर. थोडी मोकळी केली तं काय बिघडलं?"

आता पहा, या एका वाक्यात तीन प्रश्न आहेत. गाडी कोणी बांधली? का बांधली? आणि मोकळी करायचा अधिकार कोणाचा? आज आपण हे तिन्ही क्रमाने पाहू.

पूर्वीच्या गाडीत कार्बोरेटर असे. त्यात पितळेचे छोटे जेट आणि एक स्क्रू. पेट्रोल जास्त जाते की कमी, हे मिस्त्री कानाने ऐके, स्पार्कप्लग काढून त्याचा रंग पाही आणि स्क्रू पाव फेरा फिरवी. निर्णय तिथेच, डोळ्यांसमोर व्हायचा. आपल्याकडे 2006-07 च्या सुमारास काही गाड्यांत इंधन-इंजेक्शन आले. पुढे 2012 पासून चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकने ते तरुणांच्या तोंडी बसवले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झाले, आणि साध्या शंभर सीसीच्या गाडीतही इंजेक्शन आले. स्क्रूची जागा ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने घेतली.

हा संगणक करतो काय? इंजिन मिनिटाला 6000 फेरे फिरते असे समजा. म्हणजे सेकंदाला 100. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला 50 स्फोट. प्रत्येक वेळी दोन गोष्टी ठरवायच्या: पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची. इतक्या घाईत गणित मांडत बसायला वेळ नसतो. म्हणून उत्तरे आधीच एका तक्त्यात लिहून ठेवलेली असतात. उभ्या ओळींत इंजिनाचे फेरे, आडव्या ओळींत थ्रॉटल किती उघडला ते. 16 गुणिले 16 घरे धरली तर 256 उत्तरे झाली. या तक्त्याला मॅप म्हणतात, आपण नकाशा म्हणू. हवेचे तापमान, इंजिनाची उष्णता, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन, हे सेन्सरने मोजून त्या उत्तरांत थोडी दुरुस्ती होते.

हा नकाशा बदलण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला, फ्लॅश करणे. लॅपटॉप जोडून ईसीयूतली मूळ फाइल वाचायची, आकडे बदलायचे आणि परत लिहायची. लिहिताना मध्येच बॅटरी बसली तर ईसीयू निकामी होऊ शकतो. दुसरा मार्ग पिगीबॅकचा. मूळ ईसीयूला हात न लावता वायरिंगमध्ये एक डबी बसवतात, ती जाता-येता संकेत बदलते. अशा डब्या आता भारतात, बेंगळुरूलाही बनतात. चांगला ट्यूनर गाडी डायनोवर, म्हणजे रोलरवर चढवून ताकद आणि मिश्रण मोजत घरोघर आकडे बदलतो. वाईट ट्यूनर कुठून तरी आणलेली फाइल भरतो आणि पैसे घेतो.

आता दुसरा प्रश्न. कंपनीने बांधून का ठेवली?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. जास्तीत जास्त ताकद मात्र थोडे जास्त पेट्रोल दिल्यावर, साडेबारा-तेराच्या आसपास मिळते. ट्यूनर बहुतेकदा तिकडेच सरकतो. पण सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 14.7 च्या अगदी जवळच धड काम करतो. पेट्रोल वाढवले की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन बाहेर पडते. उलट पेट्रोल फार कमी केले तर उष्णता आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. म्हणजे तुमच्या पिकअपचा हिशेब मागून चालणाऱ्या शाळकरी पोराच्या छातीत जमा होतो.

दुसरे कारण आपल्या गावाचेच आहे. 10 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा सुमारे 11 टक्के विरळ असते. मे महिन्यात दुपारी धामणगावच्या रस्त्याला डबलसीट निघा, इंजिन तापलेले, पेट्रोल कोणत्या पंपाचे कोण जाणे. अशा वेळी ठिणगी जरा लवकर पडली तर नॉकिंग सुरू होते, आणि ते चालूच राहिले तर पिस्टन भाजतो. म्हणून नकाशा लिहिणारा थोडी ताकद हातची राखून ठेवतो. तो तरुण जिला बांधलेली ताकद म्हणतो, ती पुष्कळदा बाभुळगावच्या उन्हासाठी ठेवलेली शिल्लक असते! शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, किलोला साधारण 9 किलो. त्यामुळे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेत थोडे जास्त इंधन द्यावे लागते. परदेशातल्या दुसऱ्या इंधनावर बेतलेला नकाशा इथे जशाच्या तसा कसा चालेल?

मग कंपनी सांगेल ते प्रमाण मानायचे काय? नाही. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले, आठवत असेल. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर होते की, तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करायचा आणि रस्त्यावर मोकळे सोडायचे. म्हणजे नकाशा लपलेला असला की तो लिहिणाराही खोटे बोलू शकतो. पण आरसा आपल्याकडेही वळवू. आपली पीयूसी तपासणी गाडी उभी असताना होते. रीमॅपचे मोठे बदल असतात थ्रॉटल ओढल्यावरच्या घरांत. प्रमाणपत्र मिळते, धूर रस्त्यावर निघतो. युक्ती तीच, फक्त हात बदलला.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. मिलिंदप्रश्न या ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय? चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे. मग गाडी म्हणजे काय? लोखंड तेच, टायर तेच, फक्त आकडे बदलले, तर ती तीच गाडी काय? कायद्यालाही याचे उत्तर द्यावे लागते. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. प्रदूषणाच्या मानकाचा भंग करणारी गाडी चालवल्यास कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते. वॉरंटी आणि विम्याचा दावा अडतो तो वेगळाच.

पण मित्रहो, इथे एक गल्लत होते, आणि ती आम्हाला जास्त सलते. दुरुस्ती वेगळी आणि फेरफार वेगळा. आपल्या स्टँडवरचा मिस्त्री आज नव्या गाडीपुढे हतबल आहे. पिवळा दिवा लागला, तर कोड वाचायचे यंत्र त्याच्याकडे नाही, असले तरी सगळी माहिती उघडत नाही. सेन्सर वीस मिनिटांत बदलणारा माणूस गिऱ्हाइकाला यवतमाळला पाठवतो, आणि शेतकऱ्याचा दिवस बुडतो. अमेरिकेत 2015 मध्ये वाहने आणि शेतीयंत्रे यांच्या सॉफ्टवेअरला दुरुस्तीसाठी हात लावण्याची सूट कॉपीराइटच्या नियमांत द्यावी लागली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. मागणी करायची तर ही करा: नकाशा वाचण्याचा हक्क, बिघाड समजण्याचा हक्क. स्वतःची वस्तू समजून घेणे हा मालकीचा गाभा आहे. तिचा धूर दुसऱ्यावर सोडणे हा मालकीचा भाग नाही.

बेंबळा धरणाचे दरवाजे किती उघडायचे हे एकट्या वरच्या शेताकडे पाहून ठरत नाही, खालची गावेही मोजावी लागतात. नकाशाचेही तसेच.

त्या तरुणाला आम्ही नाही म्हटले नाही. चारच प्रश्न दिले. मूळ फाइल तुझ्या हाती राहणार काय? कोणती घरे बदलली ते ट्यूनर लिहून देणार काय? बदलानंतर धूर मोजणार काय, तोही थ्रॉटल ओढून? आणि इंजिन भाजले तर उरलेले हप्ते कोण भरणार? तो नागपूरला जाऊन चारही प्रश्न विचारून आला. पहिल्याला होकार मिळाला, दुसऱ्याला ट्यूनर हसला, तिसऱ्याला गप्प बसला.

"अन् चौथ्याला?" आम्ही विचारले.

"चौथा मी विचारलाच नाही सर. त्याचं उत्तर मले मालूम होतं."

गाडी अजून तशीच आहे. एअर फिल्टर साफ केला आणि चेन नीट ताणली, तेव्हा पिकअपही बराच परत आला. उद्या तो मन बदलू शकतो, गाडी त्याची आहे. पण आता तो बदलला तर कळून बदलेल, एवढे समाधान आम्हाला पुरे आहे.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या. मिस्त्री मंडळी मागे बसली आहेत, त्यांनी आधी विचारावे.