गुण आणि गुणवत्ता

सुरगाणा-पेठच्या आदिवासी विद्यार्थ्याने वैद्यकीय प्रवेश मिळविला की त्याचे कमी गुण अनेकांच्या डोळ्यांत खुपतात. नाशिक शहरातील महागड्या शिकवणीवर्गांनी वाढविलेले गुण मात्र निखळ बुद्धीचे ठरतात. राखीव जागांविरुद्ध २००६ साली वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आदल्याच वर्षी इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी महाविद्यालयांना १५ टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवण्याची मुभा दिली होती. तेथे शुल्क जबर, स्पर्धा विरळ. त्यावर असा कल्लोळ झाला नाही! (पैशाला जात नसते, असे म्हणतात.) परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, असे त्याच न्यायालयाने २०२२ साली बजावले. अमेरिकेत हार्वर्डमधील वंशाधारित प्राधान्य २०२३ साली घटनाबाह्य ठरले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत मात्र त्या निकालाने उठली नाही.