आहूखान्यातील हिराबाई

अधिकारसंपन्न धनिक पुरुष आणि पदरी काही नसलेली तरुणी यांची प्रेमकथा म्हणजे कथाकारांची कामधेनूच! जपानच्या फुजी टेलिव्हिजनने २०१२ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये 'रिच मॅन, पुअर वूमन' ही अकरा भागांची मालिका दाखविली. घरातील मुलींच्या आग्रहाने ती मीही पाहिली. शुन ओगुरीने त्यात संगणक-कंपनीचा तरुण, कोट्यधीश, फटकळ मालक रंगविला आहे. तर सातोमी इशिहाराने टोकियो विद्यापीठात शिकूनही नोकरीसाठी वणवण करणारी माकोतो. ही मुलगी मालकाच्या आयुष्यात शिरते तीच खोटे नाव सांगून. पुढे रुसवेफुगवे, संकटे आणि प्रेम हे ओघाने आलेच.

मालिका पाहताना माझे मन मात्र वारंवार तापी ओलांडून जैनाबादला जात होते. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यासमोर, नदीच्या पैलतीरी आहूखाना आहे. आहू म्हणजे हरिण; हे मोगलांचे मृगोद्यान. १६३१ साली मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिचे पार्थिव आग्ऱ्यास नेईपर्यंत याच परिसरात दफन केले होते. तिचाच मुलगा औरंगजेब पुढे दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा येथे आला. जदुनाथ सरकारांच्या मते १६५३ साली त्याला या बागेत हिराबाई दिसली.

ती गाणारी दासी; शहजाद्याच्या मावशीच्या यजमानांच्या जनान्यातली. 'मआसिर-उल-उमरा' हा ग्रंथ सांगतो, की फळांनी लगडलेला आंबा पाहून तिने उडी मारून फळ तोडले आणि शहजाद्याचे भान हरपले. हमीदुद्दीन खानाच्या आख्यायिकांत तो मूर्च्छित होऊन पडतो. बुऱ्हाणपुरात मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली, ती प्रेमकथा म्हणूनच. एवढा कठोर पुरुष एका गायिकेपायी विरघळला, याचेच सर्वांना कौतुक!

पण हमीदुद्दीनची हकीकत पुढे वाचावी. यजमानांनी हिराबाई दिली ती फुकट नव्हे. मोबदल्यात शहजाद्याची छत्तरबाई मागितली. दोघींची अदलाबदल झाली. हिराबाईचे मन काय होते, हे कोणी विचारल्याची नोंद नाही. छत्तरबाईचे तर नावापलीकडे काहीच उरले नाही. प्रेमाने व्याकूळ झालेला पुरुष खरा असेलही. परंतु व्यवहार दोन मालकांमधला होता.

तिच्या हाती अधिकार दिसतो तो एकाच प्रसंगी. तिने औरंगजेबापुढे मद्याचा पेला धरला. त्याने पुष्कळ विनवण्या केल्या, अखेर पेला ओठांशी नेला. तोच तिने तो हिसकावून घेतला. आपल्याला प्रेमाची परीक्षा पाहायची होती, असे तिने सांगितले म्हणतात. दासीने धन्याची घेतलेली ही परीक्षा मला आंब्याच्या प्रसंगाहून मोलाची वाटते. पुढे ती ऐन तारुण्यात वारली. तिला औरंगाबादेत पुरले. इतिहासात ती 'जैनाबादी' म्हणून राहिली, म्हणजे एका गावाच्या नावाने.

जपानी माकोतो खोट्या नावाने आली, तरी शेवटी स्वतःच्या नावाने उभी राहते. मालकावर प्रेम असूनही ती संशोधनाच्या नोकरीसाठी ब्राझीलला निघते. तिला निघून जाता येते, म्हणूनच तिच्या होकाराला किंमत आहे. मालिकेत मला रुचले ते हेच.

आज आपल्या घरच्या लेकी इंदूर-पुण्याच्या कचेऱ्यांतून नोकऱ्या करतात. त्यांच्या रक्षणासाठी २०१३ साली कायदाही झाला. वरिष्ठाशी कोणाचे मन जुळू नये असे नव्हे, जुळोत बापडे! मात्र अशी वार्ता घरी आली, की मुलाचा पगार आणि हुद्दा विचारण्याआधी आपण मुलीला एकच प्रश्न विचारावा: 'बाळ, तू नाही म्हणालीस तर तुझी नोकरी राहील ना?' हिराबाईला हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.