बेगड

माझी मुलगी नववीत आहे. परवा इंग्रजीचा धडा वाचता वाचता तिने विचारले, "पप्पा, टिन्सेल म्हणजे काय?" मी कॉमर्सचा पदवीधर, त्यात कारकून. हिशेब विचारला असता तर लगेच सांगितला असता. शेवटी आम्ही दोघांनी शब्दकोश काढला.

टिन्सेल म्हणजे चकाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या किंवा तारा. हा शब्द फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून तिथे त्याचा अर्थ आहे 'ठिणगी'. इंग्लंडात आधी सोन्या-चांदीच्या तारा विणलेल्या भारी कापडाला टिन्सेल म्हणत. पुढे हलक्या धातूच्या तारा आल्या आणि सतराव्या शतकापर्यंत 'दिसायला झगझगीत, किमतीला कमी' हा अर्थ त्या शब्दाला चिकटला. अमेरिकेतील हॉलिवूडच्या सिनेनगरीला 'टिन्सेलटाउन' म्हणतात, ते याच अर्थाने.

नाताळच्या झाडावर या चंदेरी पट्ट्या सोडतात. पूर्वी त्या चांदीच्या असत. पण चांदी काळी पडते, म्हणून पुढे शिसे वापरात आले. शिसे विषारी. लहान मुलांनी ते तोंडात घातले तर अपाय होतो. त्यामुळे अमेरिकेत १९७२ पासून शिशाच्या टिन्सेलचे उत्पादन आणि आयात थांबविण्यात आली. आता पट्ट्या प्लॅस्टिकच्या असतात. तरीही घरात रांगते मूल असेल तर वाढदिवसाच्या झिरमिळ्या त्याच्या हाती लागू देऊ नयेत.

मुलीने पुढचा प्रश्न टाकला, "मराठीत काय म्हणायचे?" मी म्हणालो, "बेगड." नाटकातल्या मुकुटावर, ताबुतावर चिकटवतात तो चमकता पातळ पत्रा. त्यावरूनच 'बेगडी' शब्द आला. बेगडी प्रेम, बेगडी मोठेपणा.

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीची साडी आठवली. भाचीच्या लग्नासाठी तिने वर्षभर पैसे साठवून पांढरी साडी घेतली होती. काठ सोनेरी. दुकानदार म्हणाला, "ताई, अस्सल जर आहे." किंमतही तशीच घेतली. लग्नानंतर इस्त्री फिरवली, तर काठ आकसून इस्त्रीलाच चिकटला. जर प्लॅस्टिकची होती. बिलावर फक्त 'साडी' एवढेच लिहिलेले. बहिणीने लाजेने साडी ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली.

भगिनींनो, अस्सल जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो. नकली जरीत तार तांब्याची असते. खरवडली की लालसर दिसते. प्लॅस्टिकच्या जरीचा सुटा धागा जाळला तर वितळून त्याचा गोळा होतो. दुकानात काडी ओढता येत नाही हे खरे, पण "जर कोणती ते बिलावर लिहून द्या" एवढे म्हणता येते. जो दुकानदार लिहून द्यायला कचरतो, तिथून उठावे.

स्वस्त जरीची साडी नेसण्यात कमीपणा नाही. आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यावी, हौसेने मिरवावी. फक्त पैसे बेगडाचे द्यावेत, सोन्याचे नव्हे. बहिणीला मी हेच सांगितले, "आक्का, लाज तुला का? ज्याने फसवले त्याला वाटू दे."

गेल्या रविवारी तिने साडी बाहेर काढली. जळका काठ कापून साधा निळा काठ लावला. आता नेसते.