रोही, डुक्कर आणि बाराबोर

आमच्या घरी मधल्या खोलीत खुंटीला एक दुनळी टांगलेली असायची. आजोबा वर्षाकाठी तिच्या नळ्या तेलाच्या चिंधीने पुसत, आणि निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करून येत. बंदुकीचं काम एवढंच. बाकी जागल करायची ती डबे वाजवून.

बुलडाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्याच्या काठाला ज्यांची शेती आहे, त्यांना सोयाबीन, तूर, हरभरा पेरताना डुकराचा आणि रोहीचा, म्हणजे नीलगाईचा, वाटा धरावाच लागतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. २०१५ साली राज्य शासनाने पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांना आणि रोहींना रीतसर परवानगीने मारण्याची वाट काढली. तेव्हापासून वाद चालतो तो मारावं की नाही यावर. कशाने मारायचं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते निम्मी क्रूरता तिथेच आहे.

‘बारा बोअर’ म्हणजे काय, हे बंदूक बाळगणाऱ्यांनाही क्वचित ठाऊक असतं. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक जिच्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणजे गोळा साधारण ३८ ग्रॅमचा. पण गावात मिळतं ते बहुधा छर्ऱ्यांचं काडतूस, आणि मोठ्या जनावरासाठी ‘एलजी’. त्यातले मोजके जाड छर्रे नळीतून सुटले की फाकत जातात. तीस पावलांवर ठीक. साठ पावलांवर एखादा पोटात, एखादा मांडीत. पूर्ण वाढलेला नर रोही दोनशे किलोंच्या पुढे जातो, आणि वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढालच असते.

कशाने मारायचं, या प्रश्नावर अमेरिकेतले लोक रात्री जागवतात. तिकडचं एल्क म्हणजे आपल्या सांबराचं थोरलं भावंड. त्याच्यासाठी १९०६ सालच्या .३०-०६ काडतुसातली बारा ग्रॅमच्या आतबाहेरची गोळी पुरते, असं जुने लोक म्हणतात. नवे अधिक जोराची काडतुसं सांगतात. गंमत अशी की आपला रोही गेल्या शतकाच्या पूर्वार्धात टेक्सासच्या किंग रँचवर सोडला गेला, तिथे फोफावला, आणि तिथले शिकारी त्याच्यासाठी एल्कचीच रायफल काढतात. रोही गोळी पचवतो, असा त्यांचा अनुभव. आपल्याकडे त्याच जनावरापुढे एलजी.

आकड्यापेक्षा गोळीची घडण मोठी. १९४६ साली जॉन नोस्लर नावाच्या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस हरणाच्या कातडीवरच फुटून वाया गेल्या. त्याने मधे तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा खोल शिरतो. पूर्ण धातूच्या कवचाची गोळी सुईसारखी आरपार जाते, जनावर मैलभर पळून मरतं. म्हणून शिकारीला मऊ टोक हवं. युद्धात मात्र फुलणाऱ्या गोळीवर १८९९च्या हेग परिषदेत बंदी आली, आणि ती गोळी बदनाम झाली ती कलकत्त्याजवळच्या डमडमच्या नावाने.

परवान्यावर मिळणारी देशी रायफल .३१५ची. लष्कराची काडतुसं लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून हे निराळं माप इंग्रजांच्या काळात आलं, आणि इच्छापूरच्या कारखान्याने ते चालवलं. सोळा ग्रॅमच्या आसपासची जड, सावकाश गोळी. रोहीला ती पुरेशी, असं मी बेधडक म्हणेन. अडचण दुसरीच आहे. चुकलेली रायफलची गोळी दोन-दोन किलोमीटर जाते, आणि आमच्या काळ्या रानात प्रत्येक धुऱ्यापलीकडे कुणीतरी पाणी देत असतं. म्हणून मचाण. ते नुसतं जनावर दिसावं म्हणून नसतं. वरून खाली सोडलेली गोळी जमिनीतच रुतते.

आमच्या शेजारच्या मळ्यात परवानगीचा कागद खिशात ठेवून एकाने पहाटे एलजी झाडली. हरभऱ्यातून रक्ताचे ठिपके नाल्याकडे गेले होते. तिसऱ्या दिवशी वास सुटला. पंचनाम्याला आलेल्या डॉक्टरांनी चिमट्याने बरगडीवरच्या चरबीतून एक छर्रा काढला, पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूने चपटलेला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बरगडीच्या आत तो गेलाच नव्हता.