एकाच स्टाफरूममधली दोन म्हातारपणं

बर्लिन : आमच्या घराजवळच्या शाळेत गणिताच्या दोन बाई आहेत. पुस्तक तेच, पोरंही तशीच वांड. पण निवृत्तीनंतर एकीला ‘पेन्झिओन’ मिळेल, दुसरीला ‘रेंटे’. आपण दोन्हींना पेन्शनच म्हणू. जर्मन माणूस मात्र या दोन शब्दांत चुकूनही गल्लत करत नाही.

रेंटे म्हणजे विमा. पगाराच्या १८.६ टक्के वर्गणी, निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची. हिशेब आयुष्यभराच्या कमाईवर. पेन्झिओन फक्त ‘बेआम्टे’ना, म्हणजे शपथ देऊन तहहयात नेमलेल्या सरकारी सेवकांना. पोलीस, कर-अधिकारी, बहुतेक शिक्षक त्यात येतात. वर्गणी एक छदामही नाही, आणि चाळीस वर्षं भरली की शेवटच्या पगाराच्या ७१.७५ टक्के, थेट सरकारी तिजोरीतून.

सरकारी लोकांचं वेगळं का, हा प्रश्न खरं तर उलटा विचारायला हवा. कामगारांसाठी म्हातारपणाचा विमा आला १८८९ साली, बिस्मार्कच्या काळात. बव्हेरियाने आपल्या अधिकाऱ्यांची सोय १८०५ मध्येच करून ठेवली होती. वेगळे निघाले ते कामगार.

राजा आपल्या चाकराला कामाची मजुरी मोजत नसे, त्याला पोसत असे; घरादारासकट, मरेपर्यंत. पेन्झिओन हा त्या पोसण्याचाच उत्तरार्ध. राजे गेले, पण पोसण्याचं हे तत्त्व राज्यघटनेच्या ३३व्या कलमाच्या आधाराने टिकून आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हेही त्यातच आलं : बेआम्टेंना संप करता येत नाही. घटना न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा बजावलं, आणि शिक्षकांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालय गाठलं तर तिथेही २०२३ मध्ये तेच ऐकायला मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे सरकारी कर्मचारी ‘जुनी पेन्शन’ मागत संपावर होते!

मजूरमंत्री बेर्बेल बास यांनी २०२५ मध्ये बेआम्टेंनाही रेंटेची वर्गणी भरायला लावण्याची कल्पना मांडली आणि मोहोळ उठलं. ऐकायला न्याय्य आहे. पण त्यांची मालकाची निम्मी वर्गणी भरणार सरकारच, आणि आज वर्गणी भरणारे उद्या रेंटे मागायलाही येणारच. शेजारच्या ऑस्ट्रियाने २००५ पासून दोन्ही वाटा हळूहळू जोडायला घेतल्या. इथे त्याचे दाखले सगळे देतात, धाडस कोणी करत नाही.

बर्लिनने एकदा केलं होतं. २००४ पासून शिक्षकांना बेआम्टे नेमणंच बंद केलं. बाकीची बहुतेक राज्यं नेमतच राहिली. मग तरुण शिक्षक तिकडे जाऊ लागले, वर्ग ओस पडायची वेळ आली, आणि २०२२-२३ मध्ये शहराने मुकाट्याने जुनी रीत पुन्हा सुरू केली. ज्यांची वयोमर्यादा उलटली होती ते मात्र रेंटेतच राहिले.

आमच्या दोघींतली थोरली त्यातलीच. संपाच्या दिवशी ती झेंडा घेऊन रस्त्यावर असते. धाकटी वर्गावर.