विद्यार्थ्याचा संशोधन प्रकल्प आपल्या शेतात येतो तेव्हा

कृषी व पर्यावरण या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यास मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एक संशोधन प्रकल्प पूर्ण करावा लागतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने आखून दिलेल्या सध्याच्या अभ्यासक्रमात एम.एस्सी. पदवीच्या 70 श्रेयांकांपैकी 30 श्रेयांक एकट्या प्रबंधासाठी आहेत. मधमाश्या, मित्रकीटक, जमिनीतील सजीव, कीटकनाशकांचे अवशेष यांसारख्या विषयांचा अभ्यास प्रक्षेत्राच्या कुंपणात पुरेसा होत नाही. त्यामुळे असे विद्यार्थी शेतकऱ्यांच्या शेतात येतात, आणि त्यांना शेत मिळवून देण्याचे काम बहुधा विस्तार कार्यकर्त्याकडे येते.

अशा प्रकल्पाचे मोल बव्हंशी पहिले निरीक्षण नोंदवण्यापूर्वीच ठरून जाते. प्रश्न कोणता, तुलना कशाशी, किती शेतांत आणि शेतकऱ्याशी काय ठरले, या चार गोष्टी आरंभी पक्क्या नसतील तर नंतरची मेहनत व संख्याशास्त्र यांनी ती उणीव भरून निघत नाही. या टप्प्यावर शेतकरी व विस्तार कार्यकर्ता यांनी योग्य प्रश्न विचारले, तर विद्यार्थ्याचे वर्ष वाचते आणि शेतकऱ्याच्या हाती उपयोगाचे उत्तर पडते. कांदा बीजोत्पादनातील परागीभवन हे उदाहरण घेऊन हे पाहू.

प्रश्न लहान करणे

विद्यार्थी प्रथम जो विषय घेऊन येतो, तो बहुधा असा असतो: ‘कीटकनाशकांचा परागीभवकांवर होणारा परिणाम’. विषय महत्त्वाचा आहे. परंतु हा संशोधनाचा प्रश्न नव्हे. कोणते कीटकनाशक, कोणते पीक, कोणता कीटक आणि परिणाम कशावर मोजायचा, यांपैकी काहीच त्यात ठरलेले नाही. ‘मधमाश्या कमी झाल्या आहेत का?’ हा प्रश्नही एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. पूर्वी किती होत्या याची नोंद नसेल, तर घट कशावरून मोजणार? कीटकांची संख्या पावसाप्रमाणे व थंडीप्रमाणे दरवर्षी खालीवर होत असते. एकदोन हंगामांच्या मोजणीवरून तिचा दीर्घकालीन कल कळत नाही.

आता हा प्रश्न पाहा: ‘कांद्याच्या गोंड्यावर कीटक येऊ दिले नाहीत, तर बी किती कमी भरते?’ हा एका हंगामात सुटू शकतो. कांद्याच्या फुलात परागकोश आधी फुटतात आणि स्त्रीकेसर त्यानंतर पक्व होते. म्हणून एका फुलाचे पराग त्याच फुलाच्या उपयोगी पडत नाहीत. दुसऱ्या फुलावरून पराग आणण्याचे काम मुख्यत्वे कीटक करतात. प्रत्येक फुलाच्या बीजांडकोशात तीन कप्पे व प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडे असतात. म्हणजे एका फुलापासून जास्तीत जास्त सहा बिया मिळू शकतात. सहापैकी किती भरल्या, हे मोजता येते, आणि जे मोजता येते त्यावरच प्रकल्प उभा राहतो.

पिकाचे वेळापत्रक आणि पदवीचे वेळापत्रक

एम.एस्सी.चा काळ दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी वर्गातील अभ्यासक्रम, सल्लागार समितीची स्थापना व संशोधन आराखड्याची मंजुरी यांत बराच वेळ जातो. कांद्याची मातृकंद लागवड साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि फुलोरा जानेवारीपासून मार्चपर्यंत चालतो. पहिल्या वर्षाचा फुलोरा विद्यार्थ्याच्या हातून बहुधा निसटतो. उरतो तो एकच. त्यात गारपीट झाली किंवा शेतकऱ्याने ऐनवेळी पीक मोडले, तर दुसरी संधी राहत नाही.

म्हणून आराखडा मंजूर होण्याची वाट न पाहता पहिल्याच फुलोऱ्यात विद्यार्थ्याने शेतांची पाहणी करावी. कोणत्या वेळी कोणते कीटक येतात, एका गोंड्याजवळ किती वेळ थांबल्यास मोजणी नीट होते, आच्छादनाची जाळी वाऱ्यात टिकते का, हे या पाहणीत कळते. विस्तार कार्यकर्त्याने गावाशी ओळख करून द्यायची ती याच वेळी. मार्चअखेरीस दिलेली ओळख त्या वर्षी उपयोगी पडत नाही.

तुलना कशाशी?

कीटकांचे योगदान मोजण्याची सोपी रीत अशी की, काही गोंडे मोकळे ठेवावेत आणि काही फुले उमलण्यापूर्वी बारीक जाळीच्या पिशवीने झाकावेत. बी कमी भरले, तर कारण कीटकांचा अभाव, असा निष्कर्ष काढला जातो. येथे एक अडचण आहे. पिशवीमुळे सावली पडते, आतील तापमान व आर्द्रता बदलते, वाराही अडतो. बी कमी होण्यास पिशवीच कारणीभूत नाही, हे कशावरून ठरवायचे?

यासाठी तिसरा गट लागतो: गोंडे झाकायचे, परंतु फुले उमलत असताना पिशवी काढून मऊ ब्रशने हाताने परागीभवन करायचे आणि पुन्हा झाकायचे. या गटात बी चांगले भरले, तर पिशवी निर्दोष ठरते. एका गोंड्यातील शेकडो फुले काही आठवडे क्रमाने उमलत असल्याने हे काम पुनःपुन्हा करावे लागते. कष्टाचे असले तरी या गटाविना निष्कर्षाला आधार राहत नाही.

हीच कसोटी शेतकऱ्यांच्या प्रचलित उपायांनाही लावावी. बीजोत्पादक शेतकरी मधमाश्या आकर्षित करण्यासाठी गुळाचे पाणी फवारतात. मधमाश्या गुळावर आल्या, एवढ्याने परागीभवन वाढले असे होत नाही. त्या पानावरील गोडवा चाटून परतल्या असतील. येथे तुलना हवी ती फवारलेल्या व न फवारलेल्या वाफ्यांतील भरलेल्या बियांची. असा प्रश्न शेतकऱ्याने स्वतः विद्यार्थ्यापुढे ठेवावा. प्रबंधासाठी तो उत्तम आहे.

पन्नास गोंडे म्हणजे पन्नास शेते नव्हेत

विद्यार्थी एकाच शेतातील पन्नास गोंडे मोजतो आणि पन्नास पुनरावृत्ती झाल्या असे मानतो. त्या पन्नास गोंड्यांना एकच माती, एकच पाणी आणि शेजारचे एकच आग्या मोहोळ लाभलेले असते. त्यांच्यावरून त्या शेताविषयी बोलता येईल, तालुक्याविषयी नाही. निष्कर्ष अनेक शेतांना लागू करायचा असेल, तर पुनरावृत्ती शेतांचीच हवी.

आपल्याकडील क्षेत्रप्रयोगांत त्रुटीचे स्वातंत्र्यांश किमान 12 असावेत, असा संकेत आहे. वरील तिन्ही गट प्रत्येक शेतात ठेवले आणि प्रत्येक शेत हा एक गट-खंड मानला, तर एकास वजा केलेली उपचारांची संख्या (2) गुणिले एकास वजा केलेली शेतांची संख्या, असा तो हिशेब असतो. सात शेते घेतल्यास 2 गुणिले 6 म्हणजे 12 होतात. सातापेक्षा कमी शेतांत हा प्रयोग दुबळा राहतो. एखादे शेत मध्येच गळेल हे धरून आठ-नऊ शेतकऱ्यांशी आधी बोलणे शहाणपणाचे.

ही शेते निवडताना विस्तार कार्यकर्त्याची परीक्षा असते. ओळखीचे, रस्त्यालगतचे, पुरस्कारप्राप्त शेतकरी लगेच सुचतात. परंतु सर्वच शेते उत्तम व्यवस्थापनाची घेतली, तर मिळणारे उत्तर सामान्य शेताचे नसते. बांधावर झाडी असलेली व नसलेली, ठिबकावरची व पाटपाण्याची, मधुपेट्या ठेवलेली व न ठेवलेली अशी विविधता असावी आणि तिची नोंद असावी. शेतात गोंडे निवडतानाही डोळ्यांत भरणारे गोंडे न घेता ते चिठ्ठ्या टाकून घ्यावेत.

नोंदवहीत काय हवे

दिनांक, वेळ, तापमान, ढगाळपणा व वारा यांच्या नोंदींविना कीटकांची मोजणी अपुरी असते. आग्या, सातेरी, फुलोरी, युरोपीय मधमाशी, डंखरहित मधमाशी आणि विविध माश्या यांची मोजणी वेगवेगळी करावी. कीटक न आढळल्यास ‘शून्य’ लिहावे. रिकामी जागा म्हणजे निरीक्षण झाले की नाही, हे नंतर कोणासही सांगता येत नाही. शेजारी मोहरी, कोथिंबीर वा बडीशेप फुलात असेल तर तेही लिहावे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण अधिक असल्याने मधमाश्यांना तो तितकासा रुचत नाही. शेजारी अधिक आवडीचे फूल मिळाल्यास त्या तिकडे वळतात. बी मोजताना पाकिटांवर केवळ क्रमांक असावेत, म्हणजे मोजणाऱ्याचा कल आकड्यांत उतरत नाही. बियांच्या संख्येबरोबर वजन व उगवणही तपासावी. कांदा बियाण्यासाठी किमान उगवणशक्ती 70 टक्के ठरलेली आहे.

ओळख न पटलेल्या कीटकांचे नमुने जपून ठेवावेत. बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आणि 1916 साली स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण यांच्याकडे या विषयाचे जाणकार आहेत. संशोधनासाठी नमुने परदेशी पाठवण्यापूर्वी जैविक विविधता कायदा, 2002 मधील तरतुदी मार्गदर्शकाने पाहून घ्याव्यात.

शेतकऱ्याचा वाटा आणि त्याचा हक्क

झाकलेल्या गोंड्यांत बी कमी भरणार, हे उघड आहे. दहावीस गोंड्यांचे नुकसान किरकोळ असते; मात्र ‘फुलोऱ्यात फवारणी करू नका’ अशी विनंती केली जाते तेव्हा प्रश्न शेतकऱ्याच्या पूर्ण उत्पन्नाचा असतो. फुलकिड्यांचा प्रादुर्भाव वाढला, तर तो काय करणार? हे तोंडी ठेवू नये. किती क्षेत्र प्रयोगाखाली, कोणत्या परिस्थितीत शेतकरी फवारणी करू शकेल, नुकसान झाल्यास भरपाई कोण देईल आणि शेतकरी केव्हाही प्रयोगातून बाहेर पडू शकेल का, हे एका पानावर त्याच्या भाषेत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. फवारणी करावीच लागली, तर ती मधमाश्या परतल्यावर सायंकाळी करावी आणि औषधाचे नाव, मात्रा, दिनांक विद्यार्थ्यास कळवावे. लपवलेली फवारणी प्रयोगाचे सर्वाधिक नुकसान करते. भरपाईची स्पष्टता असेल तर ती लपवण्याचे कारण उरत नाही.

उत्तर ऐकण्याचा शेतकऱ्याचा हक्कही त्याच पानावर लिहावा. प्रबंध ‘कृषिकोश’ या संग्रहात जमा होतो, पण तो शेतकरी वाचेल अशी अपेक्षा करणे योग्य नाही. पुढील मातृकंद लागवडीपूर्वी विद्यार्थ्याने गावात येऊन प्रत्येक शेतकऱ्यास त्याच्या शेताचे आकडे व सर्व शेतांची सरासरी सांगावी. उपचारांत फरक आढळला नसेल, तर तेही सांगावे. निरुपयोगी खर्च टळणे हा देखील लाभच आहे.

होकार देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

1. आपला प्रश्न एका वाक्यात सांगता येईल का? त्यात काय मोजणार आहात?
2. तुलनेसाठी कोणते गट आहेत, आणि प्रत्येक गट कशासाठी?
3. किती शेते घेणार? ती कशी निवडणार?
4. पिकाची कोणती अवस्था आवश्यक आहे आणि ती चुकल्यास पर्याय काय?
5. शेतकऱ्याने काय करायचे, काय टाळायचे, आणि नुकसान कोण सोसणार?
6. निष्कर्ष गावात कोणत्या महिन्यात सांगणार?

या सहांची उत्तरे विद्यार्थ्याकडे नसतील, तर त्यास नकार न देता मार्गदर्शकासह पुन्हा येण्यास सांगावे. फुलोऱ्याआधी झालेली ही अर्ध्या तासाची चर्चा विद्यार्थ्याला पुढील दोन वर्षे उपयोगी पडते.